पोराच्या नावात चाळीस कुठून आलं? निरोपाची ॲप आणि गेटवे लिहिणाऱ्या मंडळींना खुले पत्र

आदरणीय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, ओळखायचं कारणही नाही. मी अंबाजोगाईत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकानाच्या मागच्या खोलीत, इन्व्हर्टरच्या बॅटरीला लागून, एक जुना संगणक रात्रंदिवस सुरू असतो. त्यावर आमच्या गटाचा निरोपांचा सर्व्हर आहे. केज आणि धारूर तालुक्यांतली शेतकऱ्यांची आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबं त्यावर एकमेकांशी बोलतात. या कामाचा पगार नाही. भुईमुगाच्या ओल्या शेंगा आणि थंडीत हुरडा, एवढी मिळकत.

गेल्या महिन्यात एक काकू दुकानात आल्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, लिहिता-वाचता उत्तम येणाऱ्या. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "सर, ह्या माझ्या पोराच्या नावात चाळीस कुठून आलं? बत्तीसचा हाय त्यो."

मी पाहिलं. आधी मुलाचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, तिला चिकटून चाळीसचा आकडा, मग त्याच्या कंपनीचं नाव, मग @, मग गेटवेचं, म्हणजे दोन चॅट जोडणाऱ्या दुव्याचं, नाव. खाली दुसऱ्या ओळीत: ही व्यक्ती तुमच्या यादीत येऊ इच्छिते. दोन वर्षं रोज रात्री जेवलास का विचारून घेणारा पोरगा एका सकाळी अनोळखी होऊन दारात उभा राहिला होता. काकूंनी 'नाकारा' दाबलं. अनोळखी काही दिसलं की नाकारायचं, हे मीच त्यांना शिकवलं होतं. फसवणुकीचे इतके प्रकार चालतात, दुसरं काय शिकवणार?

त्यानंतर अकरा दिवस मायलेकांचं बोलणं बंद. मुलगा चाकणला कारखान्यात आहे. त्याला वाटलं आई रागावली, तिला वाटलं पोरगा बदलला. फोन का नाही केला, असं तुम्ही विचाराल. फुगून बसलेली माणसं फोन करत नसतात.

त्या अकरा दिवसांमुळे हे पत्र लिहायला बसलो. बसल्यावर लक्षात आलं की माझ्याकडं तक्रारींची वहीच भरलेली आहे.

यातलं ज्यांना काही ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगतो, तुम्ही दोन परिच्छेद सोडले तरी चालतील. आमचा सर्व्हर एक्सएमपीपी या निरोपांच्या खुल्या नियमावलीवर चालतो. जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये जॅबर या नावानं ते जगापुढं आणलं आणि २००४ मध्ये आयईटीएफ या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं त्याचं प्रमाण ठरवलं. त्यातला पत्ता आपल्या 'मु. पो.' सारखाच असतो. आधी माणसाचं नाव, मग @, मग ठिकाण, आणि लागलंच तर तिरकी रेघ देऊन तो माणूस कोणत्या यंत्रावर बसलाय ते. व्हॉट्सॲपची सुरुवातही याच कुळातल्या ईजॅबर्डी नावाच्या सर्व्हरवर झाली होती, म्हणजे आमच्या गावातल्या समस्त मावश्यांनी न कळत जॅबरच्या लेकराला अंगाखांद्यावर खेळवलंय.

आता नावाच्या भागात @ हे चिन्ह चालत नाही, कारण नाव कुठं संपलं ते त्यावरूनच कळतं. पण काकूंचा मुलगा कंपनीच्या वेगळ्या चॅटवर आहे आणि तिथला त्याचा पत्ता ईमेलसारखा, म्हणजे त्यात एक @ आधीच आहे. दोन जाळ्यांच्या मध्ये गेटवे बसतो, इकडचे निरोप तिकडं देतो. त्या गेटवेला मुलाचा सगळा पत्ता नावाच्या भागात कोंबावा लागतो आणि आतलं @ झाकावं लागतं. जुन्या पद्धतीत त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह टाकत. नव्या पद्धतीत उलटी तिरकी रेघ आणि त्या चिन्हाचा सोळा-आधारी क्रमांक टाकतात. @ चा क्रमांक ४०, मोकळ्या जागेचा २०. काकूंच्या पोराच्या नावात चाळीस आलं ते असं.

बदल चुकीचा नव्हता, हे मी स्वतःहून सांगतो. टक्क्याची पद्धत कच्चीच होती, नावातच टक्का असला की गोंधळ ठरलेला. एक्सएमपीपीच्या विस्तारांमधला १०६ क्रमांकाचा दस्तऐवज हेच सांगतो. पण तोच दस्तऐवज असंही सांगतो की ही झाकपाक यंत्रांच्या सोयीची आहे, माणसाला दाखवताना मूळ चिन्ह दाखवावं. म्हणजे गेटवेवाल्यांनी अर्धा कागद वाचला आणि ॲपवाल्यांनी उरलेला अर्धा वाचलाच नाही. त्यावर कडी म्हणजे हा बदल एका रात्रीत झाला. यादीतले सगळे जुने पत्ते मेले, त्याच माणसांचे नवे पत्ते परके होऊन ओळख मागायला आले. आधी कुणाला कळवणं नाही, जुन्या पत्त्यावरून नव्याकडं वाट नाही.

आमच्या मराठवाड्याला नावं बदलण्याची सवय आहे. माझं अंबाजोगाई निजामाच्या राज्यात मोमिनाबाद होतं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. पण दुकानात अजून जुन्या नावाची पाकिटं येतात आणि बिनबोभाट पोचतात, कारण खाली पिन कोड असतो. एकाच नावाची गावं फार, म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ती सहा आकड्यांची व्यवस्था बसवली आणि १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. आमच्याकडं पिंपळगाव आणि वडगाव किती आहेत ते मोजायला बसू नका, दिवस मावळेल. सांगायचं एवढंच की गावाच्या पाटीवरचं नाव बदललं म्हणून पोस्टमननं कुणाच्या घरचं पत्र उकिरड्यावर टाकलं नाही. घर सोडून गेलेल्या माणसाचं पत्र आलं तर तो त्यावर शेरा मारून परत पाठवतो. तुमच्या प्रमाणातही असा शेरा आहे. 'हा पत्ता गेला' असं सांगणारी त्रुटी आहे, आणि तिच्यासोबत नवा पत्ता द्यायची सोयसुद्धा आहे. सोय लिहून ठेवलीय, वापरली मात्र नाही. काकूंचे जुन्या पत्त्यावर टाकलेले निरोप कुठं गेले ते मला अजून सापडलेलं नाही. त्रुटी नाही, शेरा नाही, काही नाही. विहिरीत दगड टाकला तरी डुबुक असा आवाज येतो.

"सगळे व्हॉट्सॲपवर असताना हा उद्योग कशाला?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतो. उत्तर आमच्या माणसांच्या पायात आहे. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची जोडपी कोयता घेऊन निघतात. ट्रॅक्टरमध्ये भांडी, पत्रे, शेळी, लहान लेकरू, सगळा संसार भरून सातारा, सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत. परत यायला मार्च-एप्रिल. घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात. तिकडं फडात रेंज नसली की सिम बदलायचं, रिचार्ज संपला की मुकादमाच्या फोनवरून बोलायचं. ज्या व्यवस्थेत फोन नंबर हाच माणसाचा पत्ता, तिथं सिम गेलं की माणूसच गेला. म्हणून आम्ही ठरवलं की प्रत्येकाला त्याच्या नावाचा पत्ता द्यायचा, बाईला तिच्या नावाचा वेगळा, आणि तो मराठीत. सिम बदलो, फोन बदलो, पत्ता तोच. पहिल्या दिवशी एका बाईनं स्वतःचं नाव पडद्यावर वाचलं आणि म्हणाली, "हे माझंच का? ह्यांच्या नावामागं नाही का लावायचं?" नाही लावायचं, म्हटलं.

तर मंडळी, या मराठी पत्त्यांचं तुम्ही काय केलंत ते ऐका.

आमच्या गटाची एक सामायिक खोली आहे, तिचं नाव 'शेतकऱ्यांचीचावडी'. मोकळी जागा चालत नाही म्हणून सलग लिहिलंय. मागच्या वर्षी गावातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. नवी डीपी आणायला ट्रॅक्टर आणि वर्गणी हवी होती, निरोप चावडीवर टाकला. सकाळी आठला निम्मी माणसं आली, निम्मी नाही. न आलेल्यांपैकी एक जण दुपारी तणतणत दुकानात आला. "आमच्याकडं निरोपच यायला न्हाई. आम्हाला गावाबाहेर काढलं का?" त्याच्यामागोमाग आलेला म्हणाला, "मी स्वतः टाकला निरोप, ह्यो खोटं बोलायलाय."

मी दोघांचे फोन काउंटरवर शेजारी-शेजारी ठेवले. दोन्हींवर तेच नाव, शेतकऱ्यांचीचावडी. काना, मात्रा, अनुस्वार, काहीही वेगळं नाही. एकात कालचे पन्नासेक निरोप, दुसऱ्यात शुकशुकाट. दोन्ही नावं संगणकावर घेऊन अक्षरं सुटी केली तेव्हा एका नावात एक चिन्ह जास्त निघालं. ते दिसत नाही, जागा घेत नाही, वाचताही येत नाही.

चूक 'ऱ्य'मध्ये होती. हा आपला मराठीचा लाडका र. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, तो दोन प्रकारे लिहिता येतो. काही कळफलक नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त देतात. काही कळफलक साधा र, हलन्त, आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे. आणि एक्सएमपीपीच्या खोल्यांची रीत अशी की, नसलेल्या खोलीत कुणी शिरायला गेलं की बहुतेक ठिकाणी ती खोली तिथल्या तिथं तयार होते. म्हणजे एका चावडीच्या दोन चावड्या झाल्या होत्या आणि निम्मं गाव दुसऱ्या चावडीवर बसून कुणी बोलतच नाही म्हणून कुरकुरत होतं.

यात माझ्या सर्व्हरचाही वाटा आहे, तो कबूल करतो. तो पत्त्यांच्या जुन्या नियमानं चालत होता. जुना नियम २००२ च्या युनिकोड ३.२ वर थांबलेला आहे आणि तो ते अदृश्य जोडचिन्ह सरळ गाळून टाकतो. मग ऱ्य चा र्य होतो. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. आम्ही बालाघाटच्या रांगेतली माणसं, आमच्या दऱ्यांचा समुद्र करू नका. २०१५ मध्ये पत्त्यांचा नवा नियम आला, त्यात हलन्तानंतरचं हे चिन्ह टिकतं. पण तरीही दोन्ही ऱ एक होत नाहीत, ते निरनिराळे पत्तेच राहतात. इंटरनेटच्या अगदी मुळाशी जी डोमेन नावं देतात, तिथं हे अदृश्य चिन्ह चालतच नाही. म्हणजे ज्यांना घोळ टाळायचा होता त्यांनी टाळला. तुम्ही ॲपमध्ये नाव नोंदवताना, खोली उघडताना, 'याच दिसण्याचं नाव आधी आहे' एवढं सांगू शकत नाही?

जुन्या नियमाचा आणखी एक नमुना. आमच्या गटात एक वकील आहेत, त्यांना पत्त्याच्या सुरुवातीला 'ॲड' हवं होतं. सर्व्हरनं नकार दिला. हे 'ॲ' अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, २००२ च्या यादीत ते नाहीच, म्हणून जुन्या नियमाला ते अक्षरच वाटत नाही. वकीलसाहेब म्हणाले, "म्हणजे माझी सनद चालते, पण अक्षर चालत नाही." तुमच्या सगळ्यांच्या धंद्याचं नावही मी या पत्रात त्याच अक्षरानं लिहितोय, ते बघून ठेवा.

आणि हे सगळं सर्व्हरपर्यंत पोचलं तर. काही ॲप पोचूच देत नाहीत. मराठीत पत्ता लिहिला की लाल अक्षरांत 'पत्ता अवैध आहे'. कुणीतरी ए ते झेड आणि शून्य ते नऊ एवढंच तपासणारी एक ओळ लिहून ठेवलेली असते, बाकी जग अवैध. नियमाप्रमाणे नावाचा भाग १०२३ बाइट लांब असू शकतो. देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, तरी ३४१ चिन्हं बसतात. आमच्यातलं सगळ्यात लांब नाव आजोबा-पणजोबांसकट लिहिलं तरी भरणार नाही.

आता आकड्यांचं. ज्यांच्याकडं बटणांचे फोन आहेत त्यांच्यासाठी दुकानातल्या एका जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये सिम घालून एसएमएसचा गेटवे केलाय. इकडून निरोप टाकला की तिकडं एसएमएस जातो. इथं पत्ता म्हणजे नंबर, आणि नंबर लिहायच्या आमच्या तऱ्हा अनेक. कुणी +९१ लावतं. कुणी आधी शून्य लावतं, कारण १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला शून्य लावावाच लागतो आणि पंचायतीच्या वहीत नंबर तसेच उतरवलेत. कुणी पाच-पाचच्या दोन तुकड्यांत लिहितं. एका आजोबांनी सगळ्या नातवंडांचे नंबर मराठी आकड्यांत टाकले होते, सुबक, एकही चूक नाही. गेटवेच्या लेखी मराठी पाच आणि इंग्रजी पाच यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाच नातीच्या नावानं यादीत चार माणसं झाली, त्यातल्या तिघींना निरोप जात नव्हते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थेचा ई.१६४ हा क्रमांकलेखनाचा नियम आहे, देशाच्या संकेतासकट जास्तीत जास्त १५ आकडे. आत तो पाळा, पण बाहेरून माणूस लिहील ते घेऊन तुम्ही तो तसा करून घ्या. आजोबांना ई.१६४ शिकवायची माझी तयारी नाही.

यासाठीची व्यवस्था तुमच्याच १०० क्रमांकाच्या दस्तऐवजात आहे. गेटवे ॲपला सांगतो की, माणसाला अमुक विचार. माणूस आपल्या पद्धतीनं लिहितो. ॲप ते गेटवेला देतं आणि गेटवे पक्का पत्ता बनवून परत करतो. माणसाला ना टक्का दिसतो, ना चाळीस. आमच्याकडं सर्वात जास्त चालणाऱ्या ॲपनं नव्या आवृत्तीत हा भाग काढून टाकला. कारण दिलं की फार थोडे लोक वापरतात. थोडे म्हणजे आम्ही.

आता जे लिहितोय ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही, जरी पहिल्यांदा मीही हसलो होतो.

वापर थांबल्यानं बंद पडलेला मोबाइल नंबर आपल्याकडं कायमचा पडून राहत नाही. काही काळ, निदान ९० दिवस, तो बाजूला ठेवतात आणि मग दुसऱ्या ग्राहकाला देतात. नंबर अपुरे आहेत, त्यामुळं याला माझी हरकत नाही. पण आमचा एक जण दिवाळीनंतर ऊसतोडीला गेला, तिकडं रिचार्ज केला नाही, मुकादमाच्या फोनवर भागवलं. परत आल्यावर नवं सिम घेतलं, जुन्याचं कुणाला सांगायचं राहिलं. पुढच्या पावसाळ्यात त्याच्या मेव्हण्यानं गटाच्या ॲपमधून त्याला मुलीच्या स्थळाबद्दल सविस्तर निरोप टाकला. मुलगा काय करतो, शेती किती, देण्याघेण्याचं काय म्हणतात, मुलीचं वय, शिक्षण, सगळं. गेटवेनं तो इमानदारीनं जुन्या नंबरावर पोचवला. उत्तर आलं, "काका, मी वर्ध्याचा आहे, हा नंबर आता माझा. पण स्थळ बरं वाटतंय."

भला माणूस होता म्हणून निभावलं. गेटवेला मात्र त्या नंबरामागचा माणूस बदलल्याचा पत्ताच नव्हता, कारण एकदा नाव आणि नंबर यांची गाठ मारली की ती पुन्हा तपासायची पद्धत त्यात नाहीच. व्हॉट्सॲप ४५ दिवस न वापरलेलं खातं दुसऱ्या फोनवर उघडलं की जुना डेटा काढून टाकतं. तुमच्या गेटवेत निदान तेवढी शंका तरी असू द्या. महिनोन् महिने ज्या नंबरावरून एक अक्षर आलं नाही, त्यावर घरातलं काही धाडण्याआधी पाठवणाऱ्याला एकदा विचारा.

दुसरी गोष्ट बायकांची आहे. नावाच्या पत्त्यांचा आमचा सगळा खटाटोप एका गेटवेनं पाण्यात घातला. त्यातून आलेल्या माणसाचा पत्ता म्हणजे नंबर, पुढं @, पुढं गेटवे. अशी एखादी बाई चावडीवर आली की तिचा नंबर खोलीतल्या प्रत्येकाला दिसतो. आमच्या गटातल्या दोघींना त्यानंतर रात्री-अपरात्री फोन येऊ लागले. एकीनं ॲपच काढून टाकलं, दुसरीच्या नवऱ्यानं फोन काढून घेतला. कुणाचे फोन होते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर इथं लिहीत नाही. बचतगटाच्या हप्त्यांची तारीख कळावी म्हणून त्या चावडीवर होत्या. त्या दोघींना आता तारीख शेजारणीकडून कळते. सिग्नल या निरोपांच्या ॲपनं २०२४ मध्ये नंबर न दाखवता वापरायची नावं आणली. म्हणजे हे जमत नाही असं नाही. नंबराऐवजी गेटवेनं त्या माणसासाठी एखादं निरर्थक चिन्ह द्यावं आणि नंबर स्वतःच्या वहीत ठेवावा, इतकं साधं आहे.

एसएमएसबद्दल एक ओळ. मराठीत एका एसएमएसात ७० चिन्हं बसतात, इंग्रजीत १६०. तुमचा गेटवे प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता चिकटवतो. निम्मा एसएमएस पत्त्यातच जातो, वर आमच्या सिमला दिवसाला १०० ची मर्यादा.

युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्ट हा कायदा लागू झाला आणि मार्च २०२४ पासून तिथं व्हॉट्सॲपसारख्या बड्या ॲपवर दुसऱ्या ॲपशी बोलायचं बंधन आलं. तिथं आता पत्त्यांवर चर्चा होतील, समित्या बसतील. चांगलंच आहे. पण त्या टेबलाभोवती 'ऱ्य' माहीत असलेला कुणी असेल का, याची मला काळजी आहे.

मंडळी, तुमच्यातले पुष्कळ जण हे काम फुकट करतात, हे मला माहीत आहे. मीही फुकटच करतो. म्हणून आवाज न चढवता मागतो.

ॲप लिहिणाऱ्यांनो, झाकलेला पत्ता माणसापुढं उघडून दाखवा, त्यात चाळीस नको, वीस नको. गेटवेला विचारून पत्ता घ्यायचा जो भाग काढलात, तो परत आणा. मराठी पत्त्याला अवैध म्हणणारी ती एक ओळ आजच्या आज पुसा. नाव नोंदवताना सारखं दिसणारं नाव आधीच असलं तर थांबवून सांगा.

गेटवे चालवणाऱ्यांनो, पत्ते लिहायची पद्धत बदलायची असली तर खुशाल बदला, पण निदान सहा महिने जुन्या पत्त्यावर आलेला निरोप नव्यावर पोचवा आणि पाठवणाऱ्याला 'हा पत्ता गेला, नवा हा' असा शेरा द्या. निरोप पोचला नाही तर तसं सांगा, गिळू नका. कुणाचा नंबर कुणाला दाखवू नका. मराठी आकडे हेही आकडेच आहेत, ते ओळखा.

हे तपासायला माणसं लागत असतील तर माझ्याकडं आहेत. दोन्ही प्रकारचे ऱ, चारी प्रकारचे नंबर, बटणाचे फोन, फुटक्या काचेचे फोन, सगळा माल दुकानात हजर आहे. तुमची नवी आवृत्ती आली की महिनाभर आम्ही ती वापरून चुका लिहून पाठवू, मराठीत पाठवल्या तर चालतील का एवढं फक्त कळवा.

घाई एकाच कारणासाठी. दसरा झाला की गाड्या निघतील. त्याआधी निम्म्या गावाच्या याद्या मला हातानं दुरुस्त करायच्या आहेत, एकेक फोन घेऊन, एकेक नाव.

कळावे, लोभ असावा.

आपला,
अंबाजोगाईतला एक सर्व्हर सांभाळणारा

ता. क. काकूंचं आणि मुलाचं बोलणं सुरू झालंय. त्याचा नवा पत्ता मी स्वीकारून दिला. नाव बदलून देतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. त्या आता त्याला चाळीस म्हणूनच हाक मारतात, आणि तो चिडतो.